तेरा नंबरची कॉलर

दुधाची बाटली दारातून आत घेतली की थर्झा लॉकवुड ती आधी खिडकीशी नेऊन उजेडाकडे धरी. साय कुठवर आली आहे ते बघे. मग झाकणाच्या पातळ पत्र्यावरून बोट फिरवी. सायीसाठी निळ्या चिमणीने चोच मारली असेल तर भोक पडतं, माणसाने उघडून परत दाबलं असेल तर सुरकुती पडते, असं तिचं म्हणणं. हॅगथॉर्पमध्ये तिच्या हयातीत तीन दूधवाले बदलले आणि तिघांनाही ती खिडकी पाठ होती. तिसरा तर रस्त्यावरून हात करून विचारायचा, "काय थर्झामावशी, आज पास की नापास?" ती पडदा ओढून घ्यायची.

ही नजर तिला कामातून आली होती. गावच्या रग्बी क्लबच्या जर्सी ती धुवायची, सतराव्या वर्षापासून अठ्ठावन्नाव्यापर्यंत. लाकडी स्टँडच्या पोटात तिची धुण्याची खोली होती. एक तांब्याचा बंब, एक पिळायचं यंत्र आणि उत्तरेला एक खिडकी. शनिवारी सामना, सोमवारी धुणं. चिखलाने ताठ झालेल्या तेरा जर्सी, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या. पाण्यात टाकण्याआधी ती एकेक जर्सी खिडकीत धरायची. चिखल छातीवर असेल तर गडी समोरून भिडला. पाठीवर असेल तर त्याला दुसऱ्यांनी लोळवला. आणि कुठेच नसेल तर ऐंशी मिनिटं तो कुठेतरी सुखरूप उभा होता. हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. आणि थर्झाला.

ट्रेनर डायसन सोमवारी चहाचा मग घेऊन तिच्या दारात यायचा. बंबाकडे बघत विचारायचा, "कोण लपला गं, पोरी?" ती नुसता आकडा सांगायची. नाव कधीच नाही. पुढच्या शनिवारी त्या आकड्यावर दुसरा कुणी दिसायचा. खेळाडू तिला घाबरून असत. एकदा एकाने सामन्यानंतर मुद्दाम चिखलात लोळून जर्सी टाकली. चिखल सगळीकडे सारखा होता, म्हणून तिने तीही ओळखली.

तिचा भाऊ एनॉक तिच्याहून चार वर्षांनी मोठा. खाणीत कोळशाच्या तोंडाशी काम करायचा आणि क्लबकडून तेरा नंबर घालून खेळायचा. तेरा नंबर म्हणजे झटापटीच्या मागे उभा राहणारा गडी. चेंडू कुठून सुटतो ते सगळ्यात आधी त्याने बघायचं आणि सगळ्यात आधी त्यानेच जाऊन भिडायचं. १९५३च्या ऑक्टोबरात लागोपाठ तीन सोमवार तेरा नंबरची जर्सी जवळजवळ कोरी आली.

तिसऱ्या सोमवारी डायसनने विचारलं तेव्हा थर्झा बराच वेळ पिळायच्या यंत्राशी खटपट करत राहिली. दुसरा एखादा आकडा सांगता आला असता. पण जर्सीच्या बाबतीत ती आजवर खोटं बोललेली नव्हती.

"तेरा," ती म्हणाली.

"आपला एनॉक?"

"तेरा," तिने परत सांगितलं आणि जर्सी पाण्यात सोडली.

तीन आठवड्यांनी वेल्सहून एक माणूस चाचणीला आला. वेल्समध्ये पंधरा जणांचा रग्बी, बिनपैशांचा. उत्तरेत तेरा जणांचा, पैशांचा. तिकडच्या माणसाने इकडच्या मैदानावर पाय ठेवल्याचं कळलं तर त्याला तिकडे जन्मभर बंदी. त्याच्या स्वतःच्या गावच्या क्लबात बसून एक ग्लास बिअरही मिळत नसे. म्हणून चाचणीला आलेल्या माणसाला नावच नसायचं. छापील यादीत त्याच्या जागी नुसतं 'नवा खेळाडू'. गावही हे गुपित सांभाळायचं. कुणी नाव विचारत नसे आणि फोटोवाला कॅमेरा दुसरीकडे वळवी.

त्या शनिवारी धुकं इतकं होतं की समोरचा गोलखांब दिसत नव्हता. लोकांनी तो सामना निम्मा ऐकलाच. धप्प असा आवाज यायचा, धुक्यातून कुणीतरी विव्हळायचं आणि मग हिरवा-पांढरा तेरा नंबर उठून चालायला लागलेला दिसायचा. पुढे चाळीस वर्षं म्हातारे त्या सामन्याच्या गोष्टी सांगत राहिले, आणि जे दिसलं नव्हतं तेच जास्त सांगत राहिले. एनॉकला त्या दिवशी बाकावर बसवलं होतं. सामना संपल्यावर पाहुण्याचे बूट त्यानेच काढले, त्याला ओव्हरकोट घातला आणि मागच्या दाराने स्टेशनवर नेऊन सोडलं.

सोमवारी थर्झाने ती जर्सी खिडकीत धरली. छातीवर चिखलाचा थर. डाव्या खांद्याची शिवण बाहीपर्यंत उसवलेली. आणि कॉलरचं डावं टोक चावून चावून चिंध्या झालेलं, दातांची रांग मोजता येईल असं. डावखुऱ्या खांद्याचा माणूस, तिने मनात नोंदवलं, आणि कॉलर चावायची खोड आहे. जर्सी दुरुस्तीच्या पलीकडे गेली होती. मोडीत टाकायची ती तिने घरी आणली आणि पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली. का, ते तिला सांगता आलं नसतं. भावाच्या जागेवर डोळा असणाऱ्याचं काहीतरी आपल्या हाती असावं, इतकंच.

नऊ दिवसांनी क्लबचे संचालक वेल्सला जाऊन सही घेऊन आले. ग्विलिम प्रॉसर, वय बावीस. एनॉकने तेरा नंबर पुन्हा कधी घातला नाही.

प्रॉसरच्या पहिल्या सामन्यानंतर थर्झाने सोमवारची वाट पाहिली. खांदा उसवला होता, पण उजवा. कॉलर शाबूत. पुढच्या सोमवारीही उजवा. त्याच्या पुढच्याही. नाताळपर्यंत तिची खात्री पटली की धुक्यातला माणूस वेगळा आणि हा वेगळा. कुणाच्या तरी घामावर हा जागा पटकावून बसला होता.

तिने एनॉकला सांगितलं. तो जेवत होता. गेल्या वर्ष-दीड वर्षापासून त्याला एक ढब जडली होती, मान मागे टाकून नाकाच्या शेंड्यावरून बघण्याची. पहिल्या संघात खेळलेल्या माणसाचा हा माज, असं थर्झाला वाटायचं, आणि जागा गेल्यावरही तो उतरला नाही याचा राग यायचा.

"खोड सुटते माणसाची," एनॉक म्हणाला.

"दहा दिवसांत?"

"सुटते म्हटलं ना."

"आणि खांदा? तोही बदलतो का दहा दिवसांत?"

एनॉकने ब्रेडच्या तुकड्याने ताटली पुसून घेतली. "तू जर्सी धू, थर्झा," तो म्हणाला. "माणसं धुवायला नको घेऊस."

यानंतर एनॉक आणि प्रॉसर यांची दोस्ती झाली, आणि हे तिला सगळ्यात खटकलं. रेल्वेच्या उतारावर भाजीचे वाफे होते, तिथे दोघांनी मिळून कबुतरांची खोपटी बांधली. शर्यतीच्या दिवशी एनॉक खुर्चीत बसून आभाळाकडे तोंड करायचा आणि प्रॉसर ओरडायचा, "आलं, आलं, तुझं निळं आलं." स्वतःची कबुतरं ओळखायला एनॉकला दुसरा माणूस लागतो, यात थर्झाला लाचारी दिसली. ज्याने जागा घेतली त्याचीच पाठ खाजवायची.

प्रॉसर मात्र वाढत गेला. चार वर्षांनी कर्णधार झाला आणि नऊ वर्षं राहिला. मैदानावर त्याचा आवाज कुणी ऐकला नाही. दम संपलेल्या गड्याच्या शेजारी जाऊन तो नुसता उभा राहायचा, आणि त्या गड्याला पुन्हा पळावंसं वाटायचं. जबडा मोडला तेव्हा महिनाभर नळीने सूप प्यायला आणि पट्टी बांधून खेळला. एकसष्ट साली संघ लंडनहून कप घेऊन आला. यॉर्कशरच्या त्या खाणगावात पुढच्या दोन वर्षांत अकरा पोरांचं नाव ग्विलिम ठेवलं गेलं, आणि त्यांतल्या एकाही आईला ते नीट उच्चारता येत नव्हतं.

दर सोमवारी तो धुण्याच्या खोलीच्या दारात येऊन थर्झाचे आभार मानायचा. दुसरा कुणी असं करत नसे, म्हणून तिला त्यात काहीतरी काळंबेरं दिसायचं.

"थर्झाबाई, फार घाण केली होती या वेळी. माफ करा."

"मिस्टर प्रॉसर," ती बंबाकडे बघत म्हणायची, "जर्सी उलटी करून टाकायची असते. किती वेळा सांगायचं?"

गावात त्याला मिस्टर म्हणणारी ती एकटी. तेही आदराने नाही.

कप आला त्या दिवशी टाउन हॉलच्या पायऱ्यांवर सगळं गाव जमलं होतं. थर्झाने गर्दीत एनॉकच्या मागे एक माणूस पाहिला. तेच नाक, तेच कपाळ, प्रॉसरपेक्षा जरा थोराड. डावा हात कोटाच्या खिशात घातलेला. पायऱ्यांवर कर्णधाराने कप वर केला, गर्दीने हात वर केले, त्या माणसाने उजवा तेवढा केला. थर्झा आपल्याकडे बघते आहे हे लक्षात येताच त्याने टोपी खाली ओढली आणि तो गर्दीत मिसळला. घरी जाऊन तिने ट्रंक उघडली, जर्सी आहे ना ते पाहिलं आणि कडीला त्या दिवसापासून कुलूप घातलं.

एनॉक एक्याऐंशी साली छातीच्या दुखण्याने गेला. शवपेटीला पुढून डावा खांदा होता प्रॉसरचा. दफनानंतर लोक चहाला घरी आले. प्रॉसर फाटकाशी उभा राहिला, टोपी हातात घेऊन. थर्झाने खिडकीतून त्याला पाहिलं. या म्हणाली नाही. अर्धा तास उभा राहून तो निघून गेला.

पंचवीस वर्षांनी, ती सत्त्याहत्तर वर्षांची असताना, ऑड्सली मास्तर तिच्या दाराशी आले. शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक, काखेत फाइल. क्लबकडून आजवर जो जो मैदानात उतरला त्या प्रत्येकाला, उतरल्याच्या क्रमाने एकेक आकडा द्यायचं क्लबने ठरवलं होतं. मैदानाच्या फाटकासमोर ग्विलिम प्रॉसरच्या नावाचा दगड बसणार होता आणि त्यावर त्याचा आकडा कोरायचा होता.

"चारशे बारा," मास्तर म्हणाले. "म्हणजे तो धुक्यातला नवा खेळाडू तेच असतील तर. नसतील तर चारशे बारा त्या दुसऱ्याचा आणि आपल्या कॅप्टनचा चारशे तेरा. त्या दिवसाचं बघणारं आता तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही, मावशी."

थर्झाने दार अर्धंच उघडलं होतं. "प्रॉसरने पाठवलं का तुम्हाला?"

"छे हो. त्यांना विचारलं तर म्हणतात, थर्झाबाईंना विचारा."

हे ऐकून तिचा संशय दुप्पट झाला. आपल्याकडे काय आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि आपण ते काढतो का, हे तो बघतोय. तिने मास्तरांना सांगितलं की गुरुवारी दुपारी समितीसमोर येऊन काय ते सांगेन, आणि दार लावून घेतलं. मग तिने कुलूप उघडून जर्सी काढली. त्रेपन्न वर्षांचा चिखल घड्यांमध्ये पिठासारखा झाला होता. दात तसेच होते. गुरुवारी ही टेबलावर टाकायची आणि म्हणायचं, हा तुमचा कॅप्टन नव्हे. माझ्या भावाची जागा ज्याने खरोखर जिंकली तो कुणी तिसराच. मग दगडावर काय कोरायचं ते कोरा.

पण त्याआधी तिला प्रॉसरचं तोंड बघायचं होतं. लबाडी पकडली जाताना माणसाचं तोंड कसं होतं, हे तिने आजवर फक्त कापडावर वाचलं होतं. तिने शेजारणीकडून निरोप धाडला. बुधवारी तो आला. गुडघा धरून चालत होता, कान भजीसारखे सुजलेले, पंचाहत्तर वर्षांचा. फाटकाशी सवयीने थांबला.

"या आत, मिस्टर प्रॉसर," ती दारातून म्हणाली. "आज या."

तिने चहा ठेवला नव्हता. टेबलावर फक्त जर्सी पसरली होती. प्रॉसर खुर्चीत बसला आणि त्याने चष्मा लावला. मग त्याने कॉलरचं डावं टोक दोन बोटांत धरलं.

"ही तुम्ही ठेवलीत," तो म्हणाला.

"कॉलर चावायची खोड कुणाला होती?"

"कुणालाच नव्हती, थर्झाबाई."

"दात दिसतायत."

"खोड नव्हे ती. माझा भाऊ एमरिस. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि माझ्या दुप्पट खेळाडू. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच त्याचा डावा खांदा मोडला. बाहेर गेला असता तर सही गेली असती, आणि घरी कळलं असतं तर तिकडचा खेळ गेला असता. ओरडायचं नाही म्हणून कॉलर तोंडात धरली. चाळीस मिनिटं."

थर्झाने खांद्याच्या शिवणीकडे पाहिलं. डावखुरा म्हणून उसवली असं तिने वाचलं होतं. आयुष्यात तिने हजारो जर्सी वाचल्या होत्या. ही तिने ट्रंकेत जपून ठेवली होती, आणि हीच चुकली होती.

"सही घ्यायला तुमचे लोक आले तेव्हा त्याचा हात पट्टीत होता," प्रॉसर सांगत होता. "खांदा परत बसणार नाही हे डॉक्टरने सांगून झालं होतं. मला म्हणाला, तू बस टेबलाशी, त्यांनी धुकं पाहिलंय, आपल्याला नाही. मी बसलो. कप आला तेव्हा तो इथे आला होता."

"पाहिला मी." ती अजून उभीच होती. "म्हणजे तुम्ही लबाडी केलीत."

"केली."

"आणि एनॉकची जागा घेतलीत."

यावर प्रॉसरने चष्मा काढला. "एनॉकने मला पहिल्याच दिवशी ओळखलं. एमरिसचे बूट त्याने काढले होते, खांदा त्याने पाहिला होता. मी गाडीतून उतरलो तेव्हा माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून म्हणाला, तू तो नव्हेस. मला वाटलं संपलं. तर म्हणाला, मी गप्प बसतो, तूही गप्प बस. जागा तू ठेव. मला ती नको."

"खोटं."

"त्याचे डोळे नाचत होते, थर्झाबाई."

खाणगावात या शब्दांचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. वर्षानुवर्षं अंधारात, मिणमिणत्या दिव्यावर काम करून बुबुळं थरथरायला लागतात. संधिप्रकाशात समोरचं सगळं हलतं. चेंडू कुठे आहे, माणूस कुठे आहे, कळत नाही. खाणीच्या डॉक्टरला कळलं की वरच्या कामाला पाठवतात, निम्म्या मजुरीवर. आणि न सांगता खाली उतरत राहिलं तर बरोबरच्यांचा जीव आपल्या डोळ्यांवर टांगलेला. गाव असल्या माणसाला माफ करत नाही.

"घरी आई होती, तुम्ही होता," प्रॉसर म्हणाला. "दीड वर्ष तो तसाच खाली उतरला. मग त्याने पाठीचं दुखणं काढलं आणि वर आला. पाठीला काही झालं नव्हतं."

थर्झाला ती पाठ आठवली. तिने त्या पाठीला तेल चोळलं होतं. तेव्हाही एकदा तिच्या मनात आलं होतं की हा सोंग करतोय, आणि तिने मनातल्या मनात त्याला आळशी म्हटलं होतं.

तिने प्रॉसरवर विश्वास ठेवला नाही. इतक्या वर्षांत त्याने गोष्ट रचून ठेवली असणार. ती भिंतीवरचा संघाचा फोटो काढून खिडकीशी घेऊन गेली. बावन्न सालचा. तेरा गडी, हाताची घडी घातलेले. बारा जण सरळ बघत होते. एनॉकची मान मागे टाकलेली, हनुवटी वर. डोळे नाचणारे खाणकामगार असेच बघतात, पापण्यांच्या खालून, तेवढी एकच दिशा त्यांना स्थिर दिसते. गावात असे दहा-बारा म्हातारे तिने पाहिले होते. चौपन्न वर्षं हा फोटो तिच्या चुलीवरच्या भिंतीला होता आणि रोज ती त्यात माज बघत होती. मग ती कोरी जर्सी. तो लपला नव्हता. त्याला दिसतच नव्हतं कुठे जायचं ते.

"मी डायसनला सांगितलं होतं," ती खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली. "तेरा म्हणून. मी सांगितलं होतं."

"एनॉकला माहीत होतं."

ती वळली नाही.

"त्याला माहीत होतं," प्रॉसर परत म्हणाला. "खोपटीत बसून सांगायचा. महिनाभर तो विचार करत होता की संघ सोडायचा तर कारण काय द्यायचं. म्हणाला, आमच्या थर्झाने सोडवलं मला. डोळे सोडून दुसरं कारण दिलं."

बंबाच्या खोलीत असती तर तिला हाताशी काहीतरी काम मिळालं असतं. इथे स्वयंपाकघरात फक्त फोटो होता. तिने तो परत खिळ्याला लावला, वाकडा लागला, काढून पुन्हा लावला.

"उद्या मी काय सांगू?" तिने विचारलं.

"जर्सीचं सांगा. एमरिसला आकडा मिळू दे. तो आठ वर्षांपूर्वी गेला, मरेपर्यंत त्याने कुणाला सांगितलं नाही. मी सांगितलं असतं कधीच, पण लोक विचारणार, एनॉक होता ना तिथे, तो का गप्प बसला? आणि त्याला मी शब्द दिलाय. मला खोटं नीट बोलता येत नाही, थर्झाबाई. एकदाच बोललो, तेही सही करून."

"आणि तुमचा दगड?"

"अजून कोरलेला नाही. कोरला असता तरी घासता आला असता."

गुरुवारी दुपारी क्लबच्या खोलीत पाच माणसं बसली होती. थर्झाने जर्सी टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सांगितलं, खांदा, कॉलर, एमरिस, नऊ दिवस. अध्यक्ष घाऊक मटणाचा व्यापार करायचे, दगडाचा निम्मा खर्च त्यांचा. त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी सुचवलं की इतक्या जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार. आपण सगळे एकाच गावचे आहोत. वर्तमानपत्रवाल्यांना फसवेगिरी हा शब्द फार आवडतो. जर्सी मावशींनी घरी न्यावी आणि चारशे बारा तसाच राहू द्यावा.

"ही धुतली कुणी?" थर्झाने विचारलं.

"तुम्हीच."

"नाही धुतली. म्हणून तर वाचता येतेय." तिने ती अध्यक्षांच्या पुढ्यात सरकवली. "दात मोजा. मग सांगा कुणाचा आकडा कुणाला द्यायचा."

कुणी मोजले नाहीत. ऑड्सली मास्तरांनी मात्र तो प्रश्न विचारलाच, हलक्या आवाजात, पेन्सिल हातात धरून. एनॉक लॉकवुड तिथेच होता, त्याने दोघांनाही पाहिलं असेल, तर तो एवढी वर्षं का बोलला नाही?

प्रॉसर भिंतीशी बसला होता. त्याने मान खाली घातली. थर्झाने बॅगेचा बंद एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. खोटं तिला बोलायचं नव्हतं आणि खरं तिचं नव्हतं.

"एनॉकला विचारायचं माझ्याकडून राहून गेलं," ती म्हणाली. "मी त्याला खूप काही सुनावलं. विचारलं मात्र नाही."

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली.

तर अशा रीतीने चारशे बारा हा आकडा एमरिस प्रॉसरला मिळाला, एका सामन्याच्या खेळाडूला, आणि दगडावर चारशे तेरा कोरला गेला. मटणाच्या दुकानातल्या रांगेत आठवडाभर चर्चा झाली. कुणी म्हणालं, मला तर तेव्हाच शंका आली होती. धुक्याच्या दिवशी आपण आजारी होतो हे तो विसरला होता. कुणी म्हणालं की एका कॅप्टनच्या जागी दोन प्रॉसर मिळाले, आपल्यासारखा सौदा कुणी केला नाही. अकरा ग्विलिमांपैकी एकाने, तो आता पंचेचाळीस वर्षांचा आणि टकला होता, कॅप्टनला पबमध्ये विचारलं, "म्हणजे आता मी माझं नाव एमरिस करू का?" आणि कॅप्टनने त्याला एक ग्लास पाजला. महिन्याभरात सगळं जिरलं. एका गोष्टीचा मात्र कुणालाच उलगडा झाला नाही. दगड बसवण्याच्या दिवशी थर्झा लॉकवुड दगडाकडे न बघता समोर जमलेल्या म्हाताऱ्या खाणकामगारांकडे का बघत होती, एकेकाच्या डोळ्यांत?

ती फाटकी जर्सी तिने क्लबला दिली, काचेच्या पेटीत लावायला. पेटीला बाहेरून कुलूप आहे ना, हे तिने स्वतः जाऊन ओढून पाहिलं.

पुढची दोन वर्षं दर गुरुवारी दुपारी प्रॉसर तिच्याकडे चहाला यायचा. फाटकाशी थांबायची सवय त्याची काही दिवस गेली नाही. ती आतून खिडकीवर टकटक करायची, मग तो यायचा. तो कबुतरांबद्दल बोलायचा, ती दूधवाल्याबद्दल. एनॉकच्या डोळ्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. फक्त कधीतरी तिने बाटली उजेडाकडे धरलेली असली की हातासरशी ती भिंतीवरचा फोटोही जरासा सरळ करायची, तो वाकडा नसला तरी.

त्याला मिस्टर म्हणणं तिने कधी सोडलं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मार्चमधल्या एका गुरुवारी बाहेर वारा होता. प्रॉसरने टोपी घातली, काठी घेतली आणि गुडघा सांभाळत पायरी उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची बाटली दाराबाहेर तशीच राहिली, आणि ते आधी दूधवाल्याच्याच लक्षात आलं. त्या गुरुवारी दुपारी मात्र ती दारात उभी होती, खांद्यावर शाल, एक हात चौकटीला. तो फाटकाशी पोचेपर्यंत तिने वाट पाहिली.

"फाटक नीट लाव रे," ती म्हणाली. "मागच्या वेळी उघडंच ठेवून गेला होतास."